नागरी निवास आणि समुदायाचे स्थान : मानेसरच्या संदर्भात सहनिवासाचा विचार

घर विकत घेता येते. शेजार घडवावा लागतो. भारतातील गृहनिर्माणविषयक चर्चा मात्र बहुतेक वेळा किती घरे बांधली, ती किती चौरस मीटरची आहेत आणि त्यांची किंमत किती, या तीन प्रश्नांपाशी येऊन थांबते. घरे उभी राहिल्यावर त्यांत राहणारी माणसे परस्परांशी कोणत्या नात्याने बांधली जातात, सामाईक मालमत्तेचा कारभार कोण पाहतो आणि अडीअडचणीला दार कोणाचे वाजवायचे, हे प्रश्न खासगी समजून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः ते आर्थिक आणि प्रशासकीय प्रश्नही आहेत. निवासाच्या दोन पद्धती, म्हणजे कॉन्डोमिनियम अर्थात सदनिका-मालकीचे संकुल आणि को-हाउसिंग अर्थात सहनिवास, यांची समुदायाच्या दृष्टीने तुलना करणे हा या व्याख्यानाचा विषय आहे. तुलनेसाठी हरियाणातील मानेसर हे ठिकाण घेतले आहे. नागरीकरणाच्या वेगाने समुदायाला कसे मागे टाकले, हे तेथे स्पष्टपणे पाहता येते.

मानेसर : कारखान्यांमागून आलेली वस्ती

दिल्ली-जयपूर महामार्गावर (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ८, आताचा ४८) अरवलीच्या पायथ्याशी वसलेले मानेसर काही दशकांपूर्वीपर्यंत शेतीवर जगणारे गाव होते. हरियाणा राज्य औद्योगिक व पायाभूत सुविधा विकास महामंडळाने येथे औद्योगिक आदर्श नगर उभारले. दुचाकी व मोटारगाड्यांचे कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो उद्योग, तयार कपड्यांचे व्यवसाय यांची येथे दाटी झाली. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे केंद्र आणि राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र याही संस्था येथेच आहेत. जनगणनेनुसार गुडगाव जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ८.७ लाख होती. २०११ मध्ये ती १५.१४ लाख झाली. दहा वर्षांत सुमारे ७४ टक्के वाढ झालेल्या जिल्ह्यात शेजार जुना असणे शक्य नव्हते. (२०१६ मध्ये जिल्ह्याचे नाव गुरुग्राम झाले.)

या वाढीची किंमत जमिनीच्या रूपाने गावांनी मोजली. मानेसर, लखनौला आणि नौरंगपूर या गावांतील सुमारे ९१२ एकर जमिनीच्या संपादनाची प्रक्रिया २००४ मध्ये सुरू झाली आणि २००७ मध्ये ती मागे घेण्यात आली. दरम्यान संपादनाच्या भीतीने अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी विकासकांना विकल्या. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपादन मागे घेण्याचा तो निर्णय अधिकाराचा कपटपूर्ण वापर ठरवून रद्द केला. या प्रकरणाचे कायदेशीर अंग सर्वज्ञात आहे. समाजशास्त्रीय अंगही तितकेच महत्त्वाचे आहे. गावाला चौपाल होती, जोहड म्हणजे तळे होते, शामलात म्हणजे गावाची सामाईक जमीन होती. जातीची आणि लिंगभेदाची उतरंड त्या व्यवस्थेत होतीच. तरीही सामाईक मालमत्ता कोणाची आणि तिचा निर्णय कोठे होतो, याचे उत्तर गावाजवळ होते. नव्या वस्तीजवळ ते राहिले नाही. मानेसर महानगरपालिकेची स्थापना डिसेंबर २०२० मध्ये झाली आणि तिची पहिली निवडणूक मार्च २०२५ मध्ये झाली. मधली चार वर्षे नागरी संस्था होती, पण लोकप्रतिनिधी नव्हते.

आज मानेसर परिसरात दोन प्रकारची वस्ती शेजारी शेजारी दिसते. गुरुग्रामच्या नव्या सेक्टरांमध्ये प्रवेशद्वारे आणि कुंपणे असलेली बहुमजली संकुले आहेत. दुसरीकडे अलियर, ढाणा, कासन, नाहरपूर अशा गावांत स्थानिक जमीनमालकांनी बांधलेल्या एकेका खोलीच्या रांगा आहेत. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, राजस्थान अशा राज्यांतून आलेले कामगार भाड्याने राहतात. एका खोलीत अनेक जण, रांगेसाठी सामाईक नळ आणि सामाईक स्वच्छतागृहे, अशी ही व्यवस्था आहे.

कॉन्डोमिनियम : मालकी सामाईक, व्यवहार परका

कॉन्डोमिनियम ही मुळात कायद्याची निर्मिती आहे. एकाच इमारतीतील प्रत्येक सदनिकेची स्वतंत्र मालकी आणि जमीन, जिने, छत, उद्वाहन, जलवाहिन्या यांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा, असे तिचे स्वरूप असते. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या आरंभी या रचनेला कायद्याचे आणि गृहकर्जाचे पाठबळ मिळाले. भारतात महाराष्ट्राने १९७० मध्ये, हरियाणाने १९८३ मध्ये आणि दिल्लीने १९८६ मध्ये सदनिका-मालकीविषयक कायदे केले. या रचनेचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. सदनिका गहाण ठेवता येते, विकता येते, वारसाला देता येते. नोकरीनिमित्त शहरे बदलणाऱ्या मध्यमवर्गाला ही लवचीकता हवीच असते.

अडचण सामाईक भागाच्या कारभारात येते. संकुल बांधण्यापूर्वी भावी रहिवासी एकमेकांना ओळखत नसतात. प्रत्येकाचा करार स्वतंत्रपणे विकासकाशी झालेला असतो. इमारत कशी असावी, सभागृह कोठे असावे, मुलांच्या खेळण्याची जागा आणि वाहनतळ यांत कशाला अग्रक्रम द्यावा, हे सारे निर्णय रहिवाशांच्या अनुपस्थितीत होतात. पुढे देखभालीचे शुल्क प्रति चौरस फूट दराने आकारले जाते, सेवा कंत्राटदार पुरवतो आणि रहिवासी हा सामाईक मालमत्तेचा मालक असूनही तिच्याशी ग्राहकाप्रमाणे वागतो. पाणी आले नाही, जनित्र बंद पडले, उद्वाहन अडकले, की तक्रार नोंदवणे एवढाच त्याचा सहभाग उरतो.

कायद्याने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये, स्थानिक कायद्यात तरतूद नसेल तेथे बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांत घर घेणाऱ्यांचा संघ स्थापन होणे अपेक्षित आहे. कलम १७ नुसार सामाईक क्षेत्रे संघाकडे हस्तांतरित करावयाची आहेत, आणि कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत संरचनात्मक दोषांची जबाबदारी विकासकावर आहे. तरीही 'सामाईक' या शब्दाची व्याप्ती किती, हा वाद शिल्लक राहतो. गुरुग्राममधील एका वसाहतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सामाईक क्षेत्र आणि समुदाय-सुविधा यांत भेद केला. शाळा, दुकाने यांसारख्या सुविधांवर सदनिकाधारकांचा अविभक्त हक्क आपोआप निर्माण होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. जाहिरातीत 'समुदाय' म्हणून दाखवलेली गोष्ट कायद्याने समुदायाची असेलच असे नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय.

या साऱ्यात पणाला काय लागते, ते १० फेब्रुवारी २०२२ रोजी दिसले. गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधील एका बहुमजली संकुलात वरच्या मजल्याचा भाग खालच्या मजल्यांवर कोसळून दोन महिलांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रशासनाने अनेक संकुलांच्या संरचनात्मक तपासणीचे काम हाती घेतले. इमारतीचा सांगाडा ही सर्वांत मोठी सामाईक मालमत्ता असते. तिच्यावर देखरेख ठेवणारी, तज्ज्ञ नेमणारी, वर्गणी काढणारी आणि वेळेवर आवाज उठवणारी संघटना नसेल, तर स्वतःच्या दिवाणखान्यातील उत्तम फरशीही माणसाला सुरक्षित ठेवू शकत नाही.

सहनिवास : आधी माणसे, मग इमारत

सहनिवासाची आधुनिक कल्पना डेन्मार्कमध्ये आकाराला आली. वास्तुरचनाकार यान गुडमंड-होयर यांनी १९६४ मध्ये मित्रमंडळींसह कोपनहेगनजवळ एक वस्ती योजली. परंतु आसपासच्या रहिवाशांच्या विरोधामुळे ती उभी राहिली नाही. १९६७ मध्ये बोडिल ग्रॉ या लेखिकेने मुलांना शंभर पालक असावेत, असा विचार एका लेखात मांडला. या दोन प्रवाहांतून १९७२ मध्ये सेत्तेडामेन ही २७ घरांची पहिली वस्ती उभी राहिली. पुढे १९८८ मध्ये कॅथरिन मॅककॅमंट आणि चार्ल्स ड्युरेट या अमेरिकी वास्तुरचनाकार दांपत्याच्या पुस्तकाने ही कल्पना इंग्रजी भाषक जगात नेली आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे अमेरिकेतील पहिली नवी सहनिवास वस्ती पूर्ण झाली.

सहनिवासात प्रत्येक कुटुंबाचे स्वयंपूर्ण, स्वयंपाकघरासह असलेले घर असते. त्यामुळे त्याला एकत्र कुटुंब, आश्रम अथवा वसतिगृह म्हणता येत नाही. उत्पन्न आणि मिळकत ज्याची त्याची असते. त्याची वैशिष्ट्ये चार आहेत. पहिले, भावी रहिवासी आरंभापासून नियोजनात सहभागी असतात. दुसरे, मांडणी अशी केलेली असते की माणसे सहज भेटतात : वाहने कडेला, पायवाटा मध्ये आणि सर्वांच्या वाटेवर सामाईक घर. तिसरे, सामाईक घरात मोठे स्वयंपाकघर, भोजनगृह, मुलांची खोली, पाहुण्यांच्या खोल्या, कपडे धुण्याची सोय असते व आठवड्यातून काही वेळा एकत्र भोजन होते. चौथे, कारभार रहिवासी स्वतः करतात. वस्ती साधारणपणे पंधरा ते पस्तीस कुटुंबांची ठेवण्याकडे कल असतो, कारण तेवढ्या मर्यादेत प्रत्येक जण प्रत्येकाला नावाने ओळखू शकतो.

सहनिवास हा मालकीचाच प्रकार असावा लागतो, हा समजही बरोबर नाही. डेन्मार्कमध्येच १९७८ मध्ये टिंगगार्डन ही भाडेतत्त्वावरील वस्ती उभी राहिली. तेथे घरांचे सहा गट करण्यात आले व गटवार सामाईक घरे देण्यात आली. मानेसरच्या दृष्टीने हे उदाहरण विशेष मोलाचे आहे.

अर्थशास्त्राची दृष्टी

सामाईक संपत्तीचा ऱ्हास अटळ असतो, हे मत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. त्यापूर्वी १९६५ मध्ये मॅन्कर ओल्सन यांनी दाखवले होते की, गट मोठा असेल तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या श्रमाचा फुकट लाभ घेण्याकडे झुकतो. चारशे सदनिकांच्या संकुलात सर्वसाधारण सभेला मोजकीच माणसे का येतात, याचे उत्तर ओल्सन यांच्या विश्लेषणात आहे. एकाच्या उपस्थितीने निर्णय बदलण्याची शक्यता अल्प आणि संध्याकाळ खर्च होण्याची खात्री पूर्ण, असा तो हिशेब असतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात या निराशेला उत्तर दिले. २००९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना याच कार्यासाठी ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासह मिळाला. जगभरातील कुरणे, जंगले, पाटबंधारे आणि मासेमारीच्या जागा अभ्यासून त्यांनी दाखवले की, काही अटी पाळल्या गेल्यास लोक सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. सदस्यत्वाची स्पष्ट सीमा, स्थानिक परिस्थितीला साजेसे नियम, नियम करण्यात बाधित व्यक्तींचा सहभाग, आपसातील देखरेख, चढत्या क्रमाने शिक्षा, तंटा मिटवण्याची स्वस्त सोय आणि स्वयंशासनाला शासनाची मान्यता, या त्यांतील प्रमुख अटी होत. महाराष्ट्राला हे नवे नाही. धुळे-नाशिक भागातील फड सिंचन पद्धतीत पाण्याची पाळी, पिकांची निवड आणि पाटाची दुरुस्ती लाभधारक शेतकरी एकत्रितपणे ठरवत आले. त्यासाठी पाटकरी, जागल्या असे कामकरी त्यांनीच नेमले. ऑस्ट्रॉम यांच्या बहुतेक अटी या पद्धतीत आढळतात.

हाच निकष निवासाला लावला, तर कॉन्डोमिनियममध्ये सदस्यत्वाची सीमा स्पष्ट असते; परंतु नियम विकासकाच्या घोषणापत्रातून आलेले असतात, देखरेख पगारी सुरक्षारक्षकाकडे असते आणि तंटा थेट प्राधिकरणात किंवा न्यायालयात जातो. सहनिवासात लहान आकारामुळे देखरेख परिचयातून होते आणि नियम ज्यांनी केले तेच ते पाळतात. समुदाय येथे व्यवहारखर्च कमी करणाऱ्या संस्थेचे काम करतो.

बचतीचा एक काल्पनिक हिशेब मांडता येईल. तीस कुटुंबांनी आपापल्या घरात दहा चौरस मीटरची पाहुण्यांची खोली ठेवली, तर तीनशे चौरस मीटर बांधकाम वर्षातील बहुतेक दिवस रिकामे राहते. त्याऐवजी चार सामाईक खोल्या ठेवल्या तर चाळीस चौरस मीटर पुरतात. उरलेल्या दोनशे साठपैकी दीडशे चौरस मीटरमध्ये भोजनगृह व स्वयंपाकघर होऊ शकते आणि तरीही एकशे दहा चौरस मीटर बांधकाम वाचते. वेळेचा हिशेब याहून बोलका आहे. साठ प्रौढ व्यक्ती, आठवड्यातून चार सामाईक जेवणे आणि प्रत्येक जेवणाला तिघांची पाळी धरली, तर महिन्याला सुमारे बावन्न पाळ्या होतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यातून एकही पूर्ण पाळी येत नाही. त्या बदल्यात सुमारे सतरा संध्याकाळी प्रत्येक घरातील चूल बंद राहू शकते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ही तफावत लक्षात घेतली, तर सामाईक स्वयंपाकघर हा स्त्रियांच्या श्रमबाजारातील सहभागाशी जोडलेला प्रश्न ठरतो. अर्थात पाळी पुरुषांनीही घेतली तरच हा हिशेब जुळतो.

महाराष्ट्राचा अनुभव

सहनिवासाची डॅनिश कल्पना भारतात नवी वाटली तरी तिचे काही घटक येथे फार पूर्वीपासून रुजलेले आहेत. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याची व्याप्ती १९१२ मध्ये वाढली आणि पतपुरवठ्याखेरीज अन्य कामांसाठीही सहकारी संस्था स्थापता येऊ लागल्या. १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने या चळवळीला भक्कम चौकट दिली. आज राज्यात एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. सहकारी संस्था आणि सदनिका-मालकी कायद्याखालील संघ यांतील एक भेद परीक्षार्थींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. सहकारात 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व असते, तर महाराष्ट्र सदनिका-मालकी अधिनियमात मताचे वजन अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनुसार ठरते. पहिल्या रचनेत माणूस मोजला जातो, दुसरीत मालमत्ता.

चाळीचा अनुभव याहून वेगळा आहे. मुंबई विकास विभागाने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींत सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या, मधला मार्ग आणि सामाईक शौचालये होती. १८९३ मध्ये गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, हा योगायोग नव्हता. माणसांना एकत्र आणणारी जागा तेथे होती. तरीही चाळीचे उदात्तीकरण करणे योग्य नाही. तेथील सामाईकता टंचाईतून आली होती. शौचालयासाठीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रीला तो शेजार आनंदाचा वाटत असे, असे म्हणता येणार नाही. सहनिवास आणि चाळ यांतील फरक येथेच आहे : सहनिवासात खासगीपणा आधी सुरक्षित केला जातो आणि नंतर सामाईकता निवडली जाते.

मांडणीचे महत्त्व चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतील बेलापूर येथील १९८० च्या दशकातील गृहप्रकल्पात दाखवून दिले. तेथे सात घरांचा गट सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या अंगणाभोवती आणि असे तीन गट, म्हणजे एकवीस घरे, सुमारे बारा मीटरच्या मोठ्या अंगणाभोवती रचले आहेत. सेत्तेडामेनची सत्तावीस आणि बेलापूरची एकवीस, हे दोन आकडे जवळचे आहेत. परिचयाची मर्यादा दोन्हीकडे सारखीच ओळखली गेली.

कामगारांच्या दृष्टीने सोलापूरचे उदाहरण सर्वांत मार्गदर्शक आहे. विडी कामगार स्त्रियांच्या संघटनेने सहकारी संस्था स्थापन करून कुंभारी येथे दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. २००६ मध्ये ती कामगारांच्या ताब्यात आली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेण्यात आला आणि त्यातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्त करण्यात आली. ही वस्ती आकाराने सहनिवास नव्हे. परंतु घर मिळण्यापूर्वी लाभार्थी संघटित होते, त्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी भरली, मागणी रेटली. म्हणजेच इमारतीआधी समुदाय होता. सहनिवासाचे मूळ तत्त्व तेथे साकारलेले आहे.

समुदायाच्या मर्यादा

समुदाय हा शब्द गोड असला तरी निर्दोष नाही. लहान गट परिचयावर चालतो आणि परिचय बहुधा आपल्यासारख्यांशी असतो. जे गट स्वतःचे शेजारी निवडतात, ते इतरांना वगळूही शकतात. अहमदाबादमधील झोराष्ट्रीयन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व पारशी समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला. संघटना-स्वातंत्र्य आणि समता या मूल्यांतील ताण या निकालातून दिसतो. भारतीय शहरांत जात, धर्म, आहार किंवा वैवाहिक स्थिती यांवरून घर नाकारले जाते, हे वास्तव आहे. अशा परिस्थितीत सहनिवासाच्या नावाखाली नवे वाडे उभे राहणार असतील, तर संविधानाच्या उद्देशिकेतील बंधुतेला ते पोषक ठरणार नाही.

दुसरी मर्यादा वेळेची आहे. लंडनच्या बार्नेट भागात ज्येष्ठ स्त्रियांनी उभारलेल्या सहनिवासाचा गट १९९८ मध्ये स्थापन झाला आणि त्यातील पंचवीस घरांत रहिवासी २०१६ मध्ये राहायला आल्या. अठरा वर्षे चिकाटी टिकवणे सर्वांना जमत नाही. तिसरी मर्यादा श्रमाची आहे. सभा, पाळ्या, वादविवाद यांना ऊर्जा लागते. बारा तासांची पाळी आणि तासाभराचा प्रवास करणाऱ्या व्यक्तीला पैसे देऊन सुटण्याची कॉन्डोमिनियमची पद्धत सोयीची वाटते, यात नवल नाही.

मानेसरसाठी विचाराची दिशा

या विवेचनातून मानेसरचे चित्र तीन भागांत स्पष्ट होते. संकुलांमध्ये सामाईक मालकी आहे, पण सहभाग नाही. कामगारांच्या खोल्यांमध्ये सामाईक वापर आहे, पण हक्क नाही. नळ सर्वांचा असला तरी तो दुरुस्त करण्याचा निर्णय घरमालकाचा असतो. सहनिवासात वापर, हक्क आणि सहभाग हे तिन्ही एकत्र येतात. म्हणून समुदायाची कसोटी जागा सामाईक आहे की नाही, ही नसून त्या जागेविषयीचा निर्णय कोण घेतो, ही आहे.

संकुलांच्या बाबतीत पहिली गरज आकार लहान करण्याची आहे. शेकडो सदनिकांचा एकच संघ कायद्याला पुरेसा असला तरी शेजाराला पुरत नाही. हरियाणा संस्था नोंदणी व नियमन अधिनियम, २०१२ मध्ये मोठ्या संस्थांसाठी प्रतिनिधींचे 'कॉलेजियम' निवडण्याची तरतूद आहे. हे प्रतिनिधी जिना किंवा मजला-गटांतून निवडले गेले आणि त्या गटांना लहानसा निधी व सामाईक खोली मिळाली, तर विद्यमान इमारतींतही सहनिवासाचे गुण काही अंशी आणता येतील. राज्याच्या २०१३ च्या परवडणारी घरे धोरणानुसार विकासकाने पाच वर्षे वसाहतीची विनामूल्य देखभाल करावयाची असते. ही पाच वर्षे रहिवाशांच्या प्रशिक्षणाची वर्षे मानली पाहिजेत. अन्यथा सहाव्या वर्षी हाती येते ती मोडकी यंत्रसामग्री आणि अननुभवी समिती.

कामगारांच्या बाबतीत प्रश्न अधिक निकडीचा आहे. २०२० च्या टाळेबंदीत स्थलांतरित कामगारांची जी परवड झाली, त्यानंतर केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाडे गृहसंकुलांची योजना आणली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्येही भाड्याच्या घरांना स्थान आहे. अशा संकुलांत भाडेकरूंच्या निवडून आलेल्या समितीला देखभाल, पाणी आणि सामाईक स्वयंपाकघर यांविषयी अधिकार दिले, तर टिंगगार्डन आणि सोलापूर यांचा अनुभव येथे एकत्र आणता येईल. सहकाराचा विषय राज्यसूचीत (नोंद ३२) आहे. अनुच्छेद १९(१)(ग) सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क देतो आणि अनुच्छेद ४३ख अशा संस्थांच्या स्वायत्त कारभाराला प्रोत्साहन देण्याचे निदेश राज्याला देतो. घटनात्मक आधार उपलब्ध आहे. उणीव आहे ती जमीन आणि कर्ज यांच्या पुरवठ्यात. बांधकामापूर्वी एकत्र आलेल्या तीस कुटुंबांना भूखंड किंवा कर्ज देणारी सुलभ यंत्रणा आज नाही. एका मोठ्या विकासकाला परवाना देणे प्रशासनाला सोपे वाटते.

तिसरा मुद्दा ज्येष्ठ नागरिकांचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक ज्येष्ठ असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. आज संकुलांत घर घेणारी चाळिशीतील पिढीच तेव्हा वृद्ध असेल आणि मुले अन्यत्र असतील. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये सेवानिवृत्तांच्या निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत सेवांचा विचार आहे. शेजाराचा विचार मात्र रहिवाशांनाच करावा लागेल, आणि तो सत्तराव्या वर्षी सुरू करून चालत नाही.

समारोप

सहनिवास हा भारतीय शहरांच्या घरटंचाईवरील सार्वत्रिक उपाय नाही, आणि कॉन्डोमिनियम हा टाकून देण्याजोगा प्रकारही नाही. कोट्यवधी घरे बहुमजली संकुलांतच बांधली जाणार आहेत. परंतु इमारत जुनी होत जाते, कंत्राटदार बदलतो, विकासक निघून जातो आणि राहणारी माणसे तेथेच उरतात. त्यांच्यात निर्णय घेण्याची सवय असेल तर भिंतीला गेलेला तडा वेळीच दिसतो, एकट्या वृद्धाचे दार दुपारपर्यंत उघडले नाही हे लक्षात येते आणि खोल्यांच्या रांगेतील कामगाराला नळासाठी मालकाची मनधरणी करावी लागत नाही. मानेसरमध्ये कारखाने आधी आले, घरे नंतर आली आणि निवडून आलेली महापालिका सर्वांत शेवटी. जी नवी औद्योगिक नगरे देशात आखली जात आहेत, त्यांच्या आराखड्यात हा क्रम पुन्हा तसाच राहणार की बदलणार, हे नियोजनकारांइतकेच तेथे राहायला जाणाऱ्या नागरिकांनीही ठरवावयाचे आहे.